‘खासगी’ विधेयक म्हणजे कोणाचे?

रिसोडात ‘खासगी’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. खासगी गाडी म्हणजे एसटी सोडून दुसरी. खासगी दवाखाना, खासगी शिकवणी, खासगी सावकार. जे सरकारचे नाही ते खासगी, हा अर्थ इतका मुरला आहे की ‘खासदारांचे खासगी विधेयक’ अशी बातमी वाचली तर तो त्यांच्या घरचाच काही मामला असावा, असे वाटून जाते.

शब्दाचा जुना पत्ता मात्र वेगळा आहे. अरबी ‘खास’ म्हणजे विशेष, निवडक. त्याच्या समोर ‘आम’. खासदार-आमदार ही जोडी त्यातलीच. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्या घराण्याची स्वतःची मिळकत, दौलतीच्या खजिन्याहून निराळी. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती होळकरांच्या खासगीतून. सत्तेच्या इतका जवळचा हा शब्द इंग्रजी अमलात ‘प्रायव्हेट’शी जोडला गेला आणि सरकारच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसला.

‘प्रायव्हेट’च्या मुळाशी लॅटिन ‘प्रिवातुस’ आहे: अधिकारपद नसलेला माणूस. संसदेत नेमका हाच अर्थ चालतो. जो मंत्री नाही, तो सत्ताधारी बाकांवर बसत असला तरी ‘प्रायव्हेट मेंबर’, आणि त्याने मांडलेले ते ‘प्रायव्हेट मेंबर्स बिल’. ब्रिटनमध्ये ‘प्रायव्हेट बिल’ ही तर वेगळीच जात. एखाद्या कंपनीला किंवा संस्थेला खास अधिकार देणारे ते विधेयक. आपण मधला ‘सदस्य’ गाळतो आणि सार्वजनिक कामाला घरगुती ठरवतो. विधिमंडळाचा ‘अशासकीय’ हा शब्द अधिक काटेकोर, पण तोही सदस्य कोण नाही एवढेच सांगतो.

आणि अशी ‘खासगी’ ठरवलेली विधेयके कोणती होती? 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. 1928 साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी आणलेले महार वतनाचे विधेयक. डॉ. गो. वि. देशमुखांचे विधेयक तर 1937 मध्ये कायदा झाले. हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, हयातीपुरता का होईना. लोक त्याला ‘देशमुख कायदा’ म्हणत. यातल्या एकालाही खासगी म्हणवत नाही.

आज लोकसभेत अशा कामाला मिळतात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, तेही एका आठवड्यात विधेयके तर दुसऱ्यात ठराव. क्रम सोडतीने लागतो. शुक्रवारी दुपारी खासदारांना मतदारसंघ गाठायचा असतो. रिसोड वाशीम जिल्ह्यात, पण लोकसभेला अकोल्यात मोडते. गावात रेल्वे नाही. शनिवारी इथे भेटायचे तर खासदाराने दिल्ली केव्हा सोडावी? त्यांना दोष देता येत नाही. वार चुकीचा आहे. स्वातंत्र्यानंतर अशी 14 विधेयके संमत झाली, शेवटचे 1970 साली.

माझे मागणे सरळ आहे. हे काम बुधवारी घ्या, सभागृह भरलेले असताना. प्रत्येक अधिवेशनात निदान एक विधेयक मतदानापर्यंत न्याच. आणि त्याला ‘सदस्य-विधेयक’ म्हणा. विधेय म्हणजे जे करायला हवे ते, आणि ते सुचवणारा सदस्य आपण निवडून दिलेला.

मतदानाचा आग्रह अशासाठी, की गोखल्यांचे विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले, हे आज शंभरावर वर्षांनीही सांगता येते. लोकसभा विसर्जित झाली की उरलेली विधेयके ‘व्यपगत’ होतात. वि, अप, गत: दूर निघून गेलेली. ती कोणाला नको होती, हे कुठल्याच पानावर सापडत नाही.