मुखवटा कुणाच्या नावावर? : म्हातारे होणारे सुपरहीरो आणि त्यांचा वारसा



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलंच असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात कॉमिक्स कुठून आली? पण एखादा समाज म्हातारपणाकडे आणि मरणाकडे कसा बघतो, हे त्याच्या पुराणांत दिसतं, तसंच दहा सेंटच्या रंगीत अंकातही दिसतं. अमेरिकी कॉमिक्सला 1938 पासून एक प्रश्न छळतो आहे. नायकाचं वय वाढू द्यायचं की नाही? आणि वाढू दिलं, तर त्याच्यानंतर कोण? या प्रश्नाची तीन उत्तरं आज आपण बघू. त्यातून आम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. नायक म्हातारा होणार की नाही, हे गोष्टीत ठरत नाही. ते मालकीच्या कागदावर ठरतं.

पहिलं उत्तर सुपरमॅनचं. जून 1938 ची तारीख असलेल्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला. जेरी सीगल लेखक, जो शूस्टर चित्रकार. दोघंही क्लीव्हलंडचे, तेविशीतले. या पात्राचे सगळे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. तेव्हापासून आजपर्यंत सुपरमॅन साधारण तिशीतच आहे. महायुद्ध संपलं, माणूस चंद्रावर गेला, वाचकांचे आजोबा झाले, पण याचा एक केस पांढरा नाही.

उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने 1962 मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस काहीही करतो तेव्हा त्याचा थोडा काळ खर्च होतो, म्हणजे तो मरणाकडे एक पाऊल टाकतो. सुपरमॅनला असा खर्च परवडत नाही, कारण पुढच्या महिन्याला तो पुन्हा विकायचा असतो. म्हणून त्याच्या गोष्टींतला काळ धूसर ठेवतात. मागच्या अंकात जे झालं त्याचा पुढच्या अंकात फारसा हिशेब नाही. म्हणजे अमर राहण्याची ही एक रीत झाली : घड्याळच बंद करून टाकायचं.

दुसरं उत्तर थोडं अपघाताने सापडलं. जानेवारी 1940 मध्ये 'फ्लॅश' हा विजेच्या वेगाने धावणारा नायक आला. त्याचं खरं नाव जे गॅरिक. लेखक गार्डनर फॉक्स, शिक्षणाने वकील. हे नाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. युद्धानंतर सुपरहीरोंची लाट ओसरली आणि 1949 मध्ये फ्लॅशचं मासिक बंद पडलं. 1956 मध्ये ज्यूलियस श्वार्ट्झ या संपादकाने फ्लॅश पुन्हा आणायचं ठरवलं, पण माणूस नवा घेतला. बॅरी अॅलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. नाव जुनं, पोशाख नवा, चेहरा नवा. तेव्हाचा धंद्यातला समज असा, की मुलं काही वर्षं कॉमिक्स वाचतात आणि मग सोडून देतात. जुना फ्लॅश कुणाच्या लक्षात असणार? गंमत म्हणजे पहिल्याच गोष्टीत बॅरीच्या हातात जुन्या फ्लॅशचा अंक दाखवला आहे. त्याच्या दृष्टीने जे गॅरिक हे पुस्तकातलं पात्र.

आता 1961 वर येऊ. सप्टेंबरच्या अंकात, म्हणजे 'फ्लॅश'च्या 123 व्या अंकात, बॅरी चुकून दुसऱ्याच एका पृथ्वीवर जाऊन पोहोचतो. तिथे त्याला जे गॅरिक भेटतो. जिवंत, हाडामांसाचा. कानशिलं पिकलेली, लग्न झालेलं, निवृत्त झालेला. ही गोष्ट लिहिली कुणी? त्याच गार्डनर फॉक्स यांनी. आपल्या तरुणपणी निर्माण केलेल्या नायकाला पन्नाशीला टेकलेल्या लेखकाने पुन्हा हातात घेतलं, तेव्हा त्यालाही सोबत म्हातारं केलं.

कॉमिक्सच्या इतिहासात या अंकाचं नाव घेतात ते दोन पृथ्व्यांच्या कल्पनेसाठी. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. वडीलधारा नायक इथे पहिल्यांदा नीट दिसला. तो हरलेला नाही, चेष्टेचा विषय नाही. तो नव्याच्या खांद्याला खांदा लावून धावतो. म्हणजे नाव एकाचं राहिलं नाही, त्याचं घराणं झालं. त्याआधीच, 1959 च्या अखेरीस, घराण्यातला तिसराही आला होता : वॉली वेस्ट, बॅरीच्या प्रेयसीचा भाचा, 'किड फ्लॅश'.

मग 1985 साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेत बॅरी अॅलन विश्व वाचवताना मेला. वॉलीने चुलत्याचा पोशाख घातला... बघा, आम्ही चुलता म्हणून गेलो. आयरिस ही वॉलीची आत्या, तेव्हा बॅरी त्याच्या आत्याचा नवरा. आपल्याकडे नाती अशी नेमकी बघावी लागतात! असो. मुद्दा असा, की वॉली फ्लॅश झाला आणि वीसेक वर्षं राहिला. एक पिढी त्याच्यावर वाढली. आधी गुरूच्या सावलीत घाबरलेला, मग हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहिलेला, संसार मांडलेला, मुलं झालेला. मोठ्या कंपनीतल्या मोठ्या नायकाचा वारसा इतका काळ खरोखर टिकला, असं क्वचितच घडलं आहे.

आणि मग? 2008 मध्ये बॅरी परत आला. 2011 मध्ये डीसी कंपनीने सगळं विश्वच नव्याने सुरू केलं. त्यात बॅरी तरुण आणि अविवाहित, आणि ज्याने वारसा चालवला तो वॉली काही वर्षं जागेवरच नाही. तो परतला 2016 मध्ये. स्पायडरमॅनचंही असंच. 1962 मध्ये तो पंधरा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. तो कॉलेजात गेला, पदवी घेतली, 1987 मध्ये त्याचं लग्न झालं. म्हणजे हळूहळू का होईना, तो वाचकाबरोबर मोठा होत होता. पण संपादकांना वाटायला लागलं, की लग्न झालेला नायक म्हातारा वाटतो. म्हणून 2007 मध्ये एका सैतानी पात्राबरोबर सौदा दाखवला : मे काकूचा जीव वाचेल, बदल्यात लग्न झालंच नव्हतं असं होईल. वीस वर्षांचा संसार एका अंकात पुसला.

असं का होतं? जुने वाचक आता मोठे झाले आहेत, तेच संपादक आणि लेखक झाले आहेत, आणि त्यांना आपल्या लहानपणीचा नायक परत हवा आहे, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या मुळाशी आहे. ते पात्र म्हणजे कंपनीची मालमत्ता. सिनेमा, खेळणी, टी-शर्ट यांवर एक ओळखीचा चेहरा लागतो. माणूस मरतो, मालमत्ता मरून चालत नाही.

आता गार्डनर फॉक्स यांच्याकडे परत येऊ. त्या काळात लेखकाला पानामागे ठरलेला दर मिळे. हक्क कंपनीचे, निवृत्तिवेतन नाही, विमा नाही. 1968 च्या सुमारास डीसीच्या काही जुन्या लेखकांनी आरोग्यविमा आणि इतर सवलती मागितल्या. फॉक्स त्यांच्यात होते. त्यानंतर त्यांचं डीसीतलं काम थांबलं. कॉमिक्समधल्या निवृत्त नायकाला मानाने परत आणणारा लेखक, स्वतःच्या निवृत्तीची सोय मागायला गेला तेव्हा दार बंद झालं. सीगल आणि शूस्टर यांचंही तेच. सुपरमॅन जगभर उडत होता आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, हाती पैसा नव्हता. 1975 मध्ये, सुपरमॅनवर मोठा सिनेमा येणार म्हणून गवगवा झाल्यावर, नील अॅडम्स या चित्रकाराने इतरांना सोबत घेऊन आवाज उठवला. तेव्हा कुठे दोघांना वर्षाला 20,000 डॉलर आणि श्रेयनामावलीत जागा मिळाली. गोष्टीत मुखवटा मानाने या हातातून त्या हातात जातो. धंद्यात तो कायम तिजोरीत होता.

तिसरं उत्तर तुमच्यापैकी साठीच्या आसपासच्या लोकांनी लहानपणीच वाचलेलं आहे : वेताळ. मूळ नाव 'द फँटम', ली फॉक याने 17 फेब्रुवारी 1936 पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू केलेली चित्रमालिका. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. आपल्याकडे 'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्यांनी 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढली आणि इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, बंगालीतही वेताळ घरोघर पोहोचला. मूळ गोष्टींतल्या 'सिंग' चाच्यांचं इथे 'सिंगा' झालं, आणि जंगलाचा देश 'डेंकाली' झाला. मूळ नावं इथल्या लोकांना खटकतील, हे उघड होतं.

वेताळाची गोष्ट अशी. 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढतील. तो मेला की मुलगा तोच पोशाख घालतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जगतो आहे. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असतं : आपण बघतो तो एकविसावा आहे, आणि आधीचे वीस कवटीच्या गुहेत ओळीने पुरलेले आहेत.

फरक लक्षात घ्या. सुपरमॅन अमर आहे कारण काळ थांबला आहे. वेताळ अमर आहे कारण काळ चालू आहे आणि कुणीतरी दरवेळी जागा सोडतो. गादी ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. शंकराचार्य एक होऊन गेले, पण पीठावर बसणारा प्रत्येक जण शंकराचार्यच. घराण्याची गायकी गुरूकडून शिष्याकडे जाते, गुरू गेला म्हणून राग संपत नाही. वेताळ मराठी वाचकाला इतका पटकन आपला वाटला, त्यात त्या नावाचा वाटा असेल, कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावराखा देव आहेच. पण आम्हाला वाटतं, गादीचाही वाटा होता.

अर्थात वेताळालाही सगळं मोकळं नव्हतं. हक्क फॉककडेही नव्हते, ते किंग फीचर्स सिंडिकेटकडे होते. पण लेखणी त्याच्या हातात राहिली, 1999 मध्ये तो वारला तोपर्यंत, म्हणजे 63 वर्षं. म्हणून त्याने घड्याळ थोडं पुढे सरकू दिलं. 1977 मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न लावलं, 1979 मध्ये जुळी झाली, किट आणि हेलॉइज. गुहेत पाळणा हलला. एकविसाव्याला मात्र फॉकनेही मरू दिलं नाही. वीस जणांची थडगी कल्पनेत बांधणं सोपं, एकविसावं बांधणं लिहिणाऱ्यालाही जड गेलं.

तेव्हा इतिहास म्हणून यातून हाती काय लागतं? वारसा म्हणजे नुसतं नाव पुढे जाणं नाही. नाव तर मालमत्ता म्हणूनही पुढे जातं, आणि तसं गेलं की आधीच्याला मरू देत नाहीत आणि नंतरच्याला उभं राहू देत नाहीत. वारसा खरा तेव्हा, जेव्हा देणाऱ्याला मानाने बाजूला होता येतं. जे गॅरिकला ते 1961 मध्ये मिळालं. त्याला लिहिणाऱ्याला मिळालं नाही. 1986 मध्ये फॉक्स वारले तेव्हा वॉली वेस्ट नुकताच फ्लॅश झाला होता, म्हणजे फॉक्स यांनी सुरू केलेलं घराणं तिसऱ्या पिढीत पोहोचलं होतं.

तुमच्या माळ्यावर इंद्रजालचे जुने अंक असतील तर नातवंडांना द्या, आणि देताना लिहिणाऱ्याचं आणि चित्र काढणाऱ्याचं नावही सांगा. आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.