मालाड ते आंबोली : एका प्रेमनायकाची वंशावळ

1960 साली ‘लव्ह इन सिमला’ पडद्यावर आला तेव्हा त्याचा नायक कोणाच्याच ओळखीचा नव्हता. उंचापुरा, गोरा, गालात हसणारा, वयाची एकविशी गाठलेला हा तरुण म्हणजे जॉय मुखर्जी. पुढची सात-आठ वर्षे शिमला, काश्मीर, टोकियो अशा रम्य जागी त्याने नायिकांची मनधरणी केली, महंमद रफींच्या आवाजावर ओठ हलवले, आणि मग तो जवळजवळ दिसेनासा झाला. सिनेमाचे इतिहासकार त्याला दोन ओळींत आटोपतात. पण आपण जरा मागे वळून पाहिले, तर ध्यानात येते की या नायकाच्या घडणीला पाव शतक लागले होते, आणि ती घडण जवळजवळ सगळी मुंबईच्या उपनगरांत, मालाड, गोरेगाव आणि अंधेरी या तीन स्थानकांच्या आसपास झाली होती. वंशावळ मालाडला सुरू होते, तेव्हा आपणही तिथेच उतरू.

1934 साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली. जागा एफ. ई. दिनशॉ यांच्या मालमत्तेतली. मालाड तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते, आणि बोलपटाला हवी असलेली शांतता तिथे भरपूर होती. ही कंपनी एखाद्या शेठजीच्या मर्जीवर चालणारी नव्हती. भागभांडवल उभारलेली, संचालक मंडळात सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी वजनदार माणसे असलेली ही रीतसर मर्यादित कंपनी होती. दिग्दर्शनाला फ्रान्झ ओस्टेन आणि कॅमेऱ्यामागे योसेफ विर्शिंग हे जर्मनीहून आलेले, तर हाताखाली शिकलीसवरलेली हिंदी मुले. नट, लेखक, तंत्रज्ञ सगळे पगारी. शिस्त इतकी की इथे नायकसुद्धा नोकरच होता.

नेमक्या या शिस्तीला 1935-36च्या सुमारास तडा गेला. कंपनीचा पहिला नायक नजमुल हसन आणि खुद्द मालकीणबाई देविका राणी ‘जीवन नैया’चे काम अर्धवट टाकून कलकत्त्याला निघून गेले. देविका राणींची समजूत घालून त्यांना परत आणण्याचे नाजूक काम ध्वनिविभागातल्या शशधर मुखर्जी या तरुणाने केले, असे सांगतात. बाई परतल्या, नजमुल हसनचे नाव मात्र कायमचे खोडले गेले. आता नायक कोण? हिमांशु रायांची नजर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलाकडे गेली. खांडव्याचा कुमुदलाल गांगुली, शशधरबाबूंच्या बायकोचा भाऊ. त्याला अभिनयाची हौस नव्हती, तंत्र शिकायचे होते. तरी त्याच्या तोंडाला रंग लागला आणि अशोक कुमार हे नाव जन्माला आले. हिंदी पडद्यावरच्या प्रेमिकांचा हा मूळ पुरुष असा नाइलाजाने उभा राहिला, आणि तो उभा करण्यात त्याच्या मेहुण्याचा हात होता, हे आपण गाठीशी बांधून ठेवू. पुढची सगळी कथा या साले-मेहुण्यांची आहे.

1936च्या ‘अछूत कन्या’तला अशोक कुमारचा प्रताप हा ब्राह्मणाचा मुलगा दलित फाटकवाल्याच्या मुलीवर प्रेम करतो, पण समाजापुढे हतबल ठरतो. प्रेम म्हणजे सोसणे, हा त्या काळचा दंडक. नायकाला स्वतःच गावे लागे, म्हणून सरस्वतीदेवी चाली बांधताना त्याच्या गळ्याला झेपेल एवढेच मागत. 1939 ते 1941 या काळात ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ हे तीन चित्रपट आले आणि हा बुजरा तरुण सैलावला. तिन्हींत त्याची जोडी लीला चिटणीस यांच्याशी होती. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या पदवीधर बाई, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय तारका. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असे अशोक कुमार पुढे मोकळेपणाने सांगत. 1943च्या ‘किस्मत’मध्ये तर मोठीच उडी पडली. ज्ञान मुखर्जींच्या या चित्रपटाचा नायक खिसेकापू होता, ओठांत सिगारेट आणि बोलण्यात बेफिकिरी असलेला. त्याच्या तोंडचे गाणे आता दुसऱ्याच्या गळ्यातून येत होते. कलकत्त्याच्या रॉक्सीत हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. सोसणारा प्रेमिक मागे पडला, मिश्किल प्रेमिक पुढे आला, आणि गाण्याचे ओझे उतरल्यामुळे नायकाला चालायला, वळायला, हसायला सवड मिळाली.

दरम्यान 1940 साली हिमांशु राय वारले होते आणि मालाडच्या आवारात दोन तट पडले होते. ‘किस्मत’च्या यशातच फुटीचे बीज होते. 1943 साली शशधर मुखर्जी, अशोक कुमार, ज्ञान मुखर्जी आणि संगीतकार मदनमोहन यांचे वडील रायबहादूर चुनीलाल बाहेर पडले. ते फार लांब गेले नाहीत, एक स्थानक अलीकडे गोरेगावला ‘फिल्मिस्तान’ उभारून बसले. तिथे लेखकांच्या खोलीत सआदत हसन मंटोसुद्धा होता. मालाडची जुनी शाळा त्यानंतरही काही वर्षे तग धरून होती. देविका राणींनी निवडलेला युसुफ खान 1944 साली ‘ज्वार भाटा’तून दिलीप कुमार म्हणून पुढे आला. अशोक कुमार परतल्यावर 1948च्या ‘जिद्दी’ने देव आनंदला पाय रोवायला जागा दिली, आणि त्याला उसना आवाज दिला तो अशोक कुमारच्या धाकट्या भावाने, किशोरने. 1954च्या ‘बादबान’नंतर मात्र बॉम्बे टॉकीजचा कारभार संपला. वीस वर्षांत एका आवाराने तीन पिढ्यांचे प्रेमिक दिले होते.

गोरेगावची रीत वेगळी होती. मालाडला नायकाला शिस्त शिकवली जाई, गोरेगावला त्याचे गणित मांडले जाई. शशधरबाबूंचा भर गाण्यांवर, वेगावर आणि प्रेक्षकाच्या करमणुकीवर. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी इथे 1947च्या ‘शहनाई’ला धमाल चाली दिल्या आणि 1953च्या ‘अनारकली’ला हळव्या. ‘अनारकली’ने प्रदीप कुमारला राजपुत्र केले, पुढच्या वर्षीच्या ‘नागिन’ने त्यावर शिक्कामोर्तब केले. पण खरे वळण लेखकाच्या टेबलावर आले. नासिर हुसेन या तरुण लेखकाने ‘मुनीमजी’ आणि ‘पेइंग गेस्ट’ लिहिले, आणि शशधरबाबूंचे धाकटे बंधू सुबोध मुखर्जी यांनी ते दिग्दर्शित केले. पहिल्यात देव आनंदसमोर नलिनी जयवंत, दुसऱ्यात नूतन. नायक आता वेषांतर करी, म्हातारा बने, नायिकेची फिरकी घेई. जात, गरिबी, फाळणी यांच्याशी त्याचा संबंध सुटत चालला होता. भांडणातून प्रेम, गैरसमज, सुटका आणि लग्न एवढाच त्याचा प्रवास.

1957 साली मालाड-गोरेगाव बृहन्मुंबईत सामील झाले, आणि त्याच वर्षी फिल्मिस्तानने आपला सर्वांत मोठा जुगार खेळला. ‘तुमसा नहीं देखा’ देव आनंदला डोळ्यांपुढे ठेवून योजलेला, दिग्दर्शक म्हणून नासिर हुसेन यांचा पहिलाच. देव आनंद मिळाला नाही. भूमिका शम्मी कपूरकडे गेली, ज्याच्या नावावर तोवर अपयशांची रांग होती. त्याने मिशी काढली, मान झटकली आणि अख्ख्या अंगाने गाऊ लागला. वीस वर्षांपूर्वी नजमुल हसनच्या जागी जसा अशोक कुमार आला, तसा हाही बदली नायकच. या वंशावळीतली मोठी वळणे अशी ठरवलेला माणूस हाती न लागल्याने आलेली आहेत.

शशधरबाबूंना मात्र आता नशिबावर विसंबायचे नव्हते. फिल्मिस्तान पुढे तोलाराम जालान यांच्याकडे गेले, आणि 1958च्या सुमारास मुखर्जींनी अंधेरीच्या आंबोलीत ‘फिल्मालय’ काढले. स्टुडिओच्या जोडीला अभिनयाची शाळा होती. 1959च्या ‘दिल देके देखो’तून नायिका आशा पारेख आणि संगीतकार उषा खन्ना दोघीही पहिल्यांदा पुढे आल्या. साधना याच शाळेतली. 1960च्या ‘हम हिंदुस्तानी’त हरिहर जरीवाला नावाचा एक मुलगा लहानशा भूमिकेत दिसला, पुढे त्याला लोक संजीव कुमार म्हणून ओळखू लागले. आणि याच अंगणात घरचाच एक मुलगा होता. 24 फेब्रुवारी 1939 रोजी झाशीला जन्मलेला, शशधरबाबू आणि सतीदेवींचा जॉय. वडील दोन स्टुडिओंचे शिल्पकार. मामा अशोक कुमार, किशोर कुमार आणि अनूप कुमार. आजवर जे योगायोगाने घडले, ते या वेळी घरातच तयार होते.

‘लव्ह इन सिमला’चे दिग्दर्शक आर. के. नय्यर. त्यांनी साधनाच्या कपाळावर ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर केसांची झालर सोडली आणि देशभरच्या मुलींनी ती उचलली. जॉयच्या वाट्याला नक्कल होण्यासारखे काही आले नाही. त्याच्यात अशोक कुमारची सुसंस्कृत मिश्किली होती, देव आनंदची छेडछाड होती आणि शम्मीची चपळाई थोडी सौम्य होऊन उतरली होती. 1962चा ‘एक मुसाफिर एक हसीना’ ओ. पी. नय्यर यांच्या चालींवर तरला. 1963च्या ‘फिर वही दिल लाया हूँ’त नासिर हुसेन यांनी त्याला काश्मीरच्या रंगीत निसर्गात उभे केले. पाठोपाठ 1964चा ‘जिद्दी’, 1966चा ‘लव्ह इन टोकियो’, 1967चा ‘शागिर्द’. रंगीत फिल्म आली तसा नायक सेटवरून उठून डोंगरदऱ्यांत आणि परदेशांत गेला. मालाड-गोरेगावच्या काळोख्या मजल्यांवर घडलेला प्रेमिक उजेडात आला खरा, पण आता त्याला स्टुडिओची फारशी गरज उरली नव्हती. ज्या व्यवस्थेने त्याला घडवले तिचाच पाया या सहलींनी पोखरला.

मग उतार आला, तोही झपाट्याने. 1968 साली जॉयने ‘हमसाया’ ही हेरकथा स्वतः दिग्दर्शित केली, दुहेरी भूमिका घेतली, समोर शर्मिला टागोर आणि माला सिन्हा. चित्रपट पडला. तोवर 1965च्या नवोदितांच्या स्पर्धेतून राजेश खन्ना पुढे आला होता. त्याला सुरुवातीला संधी देणाऱ्यांत ‘बहारों के सपने’ काढणारे नासिर हुसेन होते, आणि 1969च्या ‘आराधना’ने त्याला शिखरावर नेणारे शक्ती सामंत हे एके काळी बॉम्बे टॉकीजमध्ये साहाय्यक होते. म्हणजे जॉयला मागे सारणारी लाट बाहेरून आली नव्हती, तीही याच घराण्याच्या शिष्यांनी उठवलेली. 1977 साली जॉयने ‘छैला बाबू’ दिग्दर्शित केला, तेव्हा नायक होता राजेश खन्ना.

इथे मामा-भाच्यांची तुलना अटळ ठरते. अशोक कुमार नायकाच्या चौकटीत नाइलाजाने शिरले, म्हणून वय होताच सहज बाहेर पडले. वडील, डॉक्टर, न्यायाधीश, खलनायक असे काहीही होत राहिले आणि 1988 साली दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत पोहोचले. जॉय मात्र त्या चौकटीच्या मापाचाच होता. फक्त तरुण, फक्त देखणा, फक्त प्रेमात पडलेला असा नायक पंचवीस वर्षे तासून तासून निघाला, तेव्हा त्यात दुसरे काही व्हायला जागाच उरली नाही. 9 मार्च 2012 रोजी जॉय मुखर्जींचे मुंबईत निधन झाले.

वंशावळ मात्र तिथे थांबत नाही. जॉयचे बंधू शोमू यांनी 1973 साली शोभना समर्थांच्या लेकीशी, तनुजाशी लग्न केले. 1974 साली त्यांना काजोल झाली. ‘हम हिंदुस्तानी’चे दिग्दर्शक राम मुखर्जी हे शशधरबाबूंचे पुतणे, त्यांची मुलगी राणी. 1998च्या ‘कुछ कुछ होता है’त या दोघी चुलत-चुलत बहिणी एकाच नायकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. प्रेमिक घडवणाऱ्या घराने आता प्रेमाच्या नायिका दिल्या, आणि नायक दिल्लीहून, कोणत्याही स्टुडिओच्या ओळखीशिवाय आला होता. गोरेगावच्या फिल्मिस्तानची सुमारे चार एकर जागा 2025 साली 183 कोटी रुपयांना एका विकासकाने घेतली. तिथे आता निवासी मनोरे येतील. पगारी नोकर म्हणून मालाडला सुरू झालेला हा नायक आंबोलीला घरचा वारस झाला, आणि वारसा पूर्ण होताच संपला. योगायोगाने आलेल्यांनीच हा वंश दर वेळी पुढे नेला, हा या वाटेचा हिशेब आहे.