आग्या माशीची वाट

आज थोडा इतिहास सांगणार आहे, पण राजवाड्यातला नाही. राणी मात्र यात आहे, ती मधमाश्यांची.

आग्या मोहोळ जाळून काढणारे अंधारी रात्र धरतात. अमावास्येच्या आगेमागे जायचं, पुनवेला नाही. पेटती चूड पोळ्यावर मारायची. ठिणग्या खाली पडतात आणि माश्या त्यांच्या मागे खाली जातात. हे शहाणपण फार जुनं आहे. पण माशी अंधारात अशी का फसते, आणि एरवी तिला वाट कशी सापडते, हे शास्त्राला कळायला विसावं शतक लागलं.

आधी आपल्या माश्यांची ओळख. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत कड्याला किंवा उंच झाडाला एकच भलंमोठं पोळं लावते ती आग्या. झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक पोळी बांधते ती सातेरी. आणि झुडपाच्या फांदीला ओंजळीएवढं पोळं लावते ती फुलोरी.

युरोपात यातली एकही नाही. तिथं सातेरीसारखीच ढोलीत राहणारी वेगळी माशी असते. ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश हे तिला काचेच्या पेटीत ठेवून बघत. साखरपाणी पिऊन आलेली माशी पोळ्यावर नाचते, हे त्यांनी तरुणपणीच पाहिलं होतं. पण त्या नाचात पत्ता असतो हे त्यांच्या ध्यानात आलं ते १९४४-४५ मध्ये, ऐन महायुद्धात. त्यांची आजी ज्यू वंशाची, म्हणून नाझी सरकार त्यांना नोकरीवरून काढणार होतं. तेवढ्यात माश्यांमध्ये रोगाची साथ आली, फळबागा धोक्यात आल्या आणि माश्यांचा जाणकार हवा म्हणून त्यांची नोकरी टिकली. माश्यांनी माणसाला वाचवलं म्हणा ना!

तो नाच असा. माशी पोट हलवत सरळ रेषेत चालते, वळसा घालून परत येते, पुन्हा तसंच चालते. उभ्या पोळ्यावर ती नीट वरच्या दिशेनं चालली, तर फुलं सूर्याच्या दिशेला आहेत. उजवीकडे कलून चालली, तर सूर्यापासून तेवढीच उजवीकडे. जितका जास्त वेळ पोट हलवेल तितकी फुलं लांब. आभाळ ढगाळ असलं तरी निळा तुकडा कुठं तरी दिसला की तिला पुरतो. तिथल्या उजेडावरून तिला सूर्याची जागा कळते. या शोधांसाठी फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यांचे विद्यार्थी मार्टिन लिंडाउअर १९५४-५५ च्या सुमारास श्रीलंकेत आले, कारण आपल्या या तिन्ही माश्या तिथं एकत्र सापडतात. त्यांना दिसलं की फुलोरी पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते आणि थेट फुलांच्या दिशेनं धावते, आपण बोट दाखवतो तसं. आग्या उभ्या पोळ्यावर नाचते, पण उघड्या आभाळाखाली. सातेरी मिट्ट अंधारात नाचते आणि तरी सूर्याचा हिशेब चुकत नाही. शिवाय तिघींची बोली वेगळी. तेवढाच वेळ नाचून सातेरी जवळचा पत्ता सांगते, आग्या कितीतरी लांबचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या मोजणीतही तेच दिसलं. भिली, पावरी, अहिराणी ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

आता रात्रीची गोष्ट. आग्या माशी चांदण्यात फुलांवर जाते, हे १९६५ साली 'इंडियन बी जर्नल'मध्ये दिवाण आणि साळवी यांनी नोंदवलं. घराबाहेर अंगणात निजणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असणार, पण कागदावर आलं तेव्हा जगानं ऐकलं. पुढे १९८५ साली फ्रेड डायर यांनी दाखवलं की रात्री नाचताना आग्या दिशा सांगते ती चंद्रावरून नव्हे. क्षितिजाखाली गेलेला, डोळ्यांना न दिसणारा सूर्य आत्ता कुठं असेल, त्यावरून ती सांगते! मला तर हे नोबेलपेक्षा मोठं वाटतं.

मग चंद्र कशाला लागतो? उडताना झाडं, कडे, घळी दिसायला. २००९ मध्ये हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी तिन्ही माश्यांचे डोळे तपासले. आग्याचे डोळे सर्वांत मोठे, मंद उजेड टिपणारे. अर्ध्या चंद्राच्या उजेडातही ती उडू शकते. अमावास्येला मात्र या डोळ्यांचंही चालत नाही. काळोखात उजेड एकच उरतो, चुडीच्या ठिणगीचा.

म्हणजे अमावास्या धरणाऱ्यांचं निरीक्षण बिनचूक आहे. त्याचा वापर मात्र मला पटत नाही. ठिणग्यांमागे खाली गेलेल्या माश्या अंधारात परत येत नाहीत, पोळ्यातली पिल्लं होरपळतात, कधी राणीही जाते. आग्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करते, आणि आसामात तपासणी झाली तेव्हा काही वसाहती आपल्या जुन्याच जागी परतलेल्या आढळल्या. २००० साली ते प्रसिद्ध झालं. ज्या वसाहतीची राख झाली, ती पुढच्या हंगामात त्या कड्यावर कुठून येणार? आणि मध विकून मीठ-मिरची आणणाऱ्या घरातल्या बाईनं त्या वर्षी काय करायचं?

दिवसा मध काढता येतो. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे, आणि जाळीचा पोशाख, हातमोजे, धुराचं यंत्र आता मधपाळांना नवं राहिलेलं नाही. आग्याच्या पोळ्यात मध साठतो तो वरच्या अंगाला, फांदीलगतच्या जाड भागात. पिल्लं खाली असतात. हलका धूर दिला की माश्या बाजूला सरकतात; मधाचा तेवढा भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग तसाच लटकता ठेवायचा. राणी तिथंच राहते, कामकरी माश्या कापलेली जागा पुन्हा मेणानं बांधून काढतात, आणि फुलोरा चालू असेल तर काही दिवसांनी त्याच पोळ्यातून पुन्हा मध निघतो.