मिनामाता : पुराव्याच्या प्रतीक्षेतील एक तप

गावाचे नाव रोगाला चिकटावे, हे दुर्दैव जपानमधील मिनामाताच्या वाट्याला आले. क्यूशू बेटाच्या पश्चिमेस, शिरानुई समुद्राच्या काठी हे गाव वसले आहे. माशांतून माणसाच्या शरीरात उतरणाऱ्या पाऱ्याविषयी आज जगभर जी सावधगिरी बाळगली जाते, तिचा उगम बव्हंशी येथे आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत हा इतिहास शोधाचा इतिहास म्हणून येतो. आम्हांस मात्र तो, ठाऊक झालेली गोष्ट ‘अद्याप सिद्ध झालेली नाही’ असे म्हणत राहण्याचा इतिहास वाटतो.

चिस्सो कंपनीचा कारखाना या गावात १९०८ पासून होता. १९३२ मध्ये तेथे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्यासाठी पारा उत्प्रेरक म्हणून वापरीत. या प्रक्रियेत मिथिल पारा नावाचे घातक संयुग निपजत असे आणि ते सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. पाण्यातील सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. ते माशाच्या मांसातील प्रथिनांशी बांधले जात असल्याने धुऊन, शिजवून वा तळून जात नाही. मासा ताजा दिसतो, चवीलाही चांगला लागतो. ज्यांचे पोट आणि जेवण दोन्ही समुद्रावर अवलंबून होते, त्या कोळी कुटुंबांना संशय यावा असे ताटात काहीच नव्हते.

संशय आला तो मांजरांमुळे. १९५० नंतरच्या काही वर्षांत वस्तीतील मांजरे झोकांड्या खाऊ लागली, गरगर फिरून मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हातापायांना बधिरता, दृष्टीचा आकुंचलेला पल्ला, अडखळती वाचा, तोल जाणे, झटके. एका कोळीवस्तीतील दोन लहान बहिणी कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाल्या. १ मे १९५६ रोजी तेथील प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या अज्ञात रोगाची साथ पसरल्याचे आरोग्य कार्यालयाला कळवले. रोग सांसर्गिक असावा या भीतीने शेजाऱ्यांनी रुग्णांच्या घरांकडे पाठ फिरवली. त्याच वर्षाच्या अखेरीस कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितले, की हा संसर्ग नसून खाडीतील मासे-शिंपल्यांतून होणारी जड धातूची विषबाधा असावी.

आमच्या दृष्टीने निर्णायक क्षण १९५७ चा आहे. अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली खाडीतील माशांवर बंदी घालता येईल काय, असे प्रांतिक प्रशासनाने केंद्रीय मंत्रालयास विचारले. उत्तर आले, की खाडीतील सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. ‘सगळेच’ हा एक शब्द येथे पुरेसा ठरला. एवढ्या मोठ्या खाडीतील प्रत्येक मासा कोण तपासणार? खाणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यात संशयाचा फायदा विषाला मिळाला.

पुढचा क्रम याच वळणाने गेला. १९५८ मध्ये कारखान्याने सांडपाण्याचे तोंड खाडीतून काढून नदीच्या मुखाकडे वळवले आणि रोग त्या बाजूलाही पसरला. जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याचे नाव घेतले. हीच लक्षणे इंग्लंडमधील एका कारखान्याच्या कामगारांत आढळल्याचे वैद्यकीय वाङ्मयात १९४० पासून नोंदलेले होते. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून मांजराला दिले. क्रमांक ४०० च्या त्या मांजरात ऑक्टोबरमध्ये रोग प्रकटला, परंतु कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरात रुग्णांशी करार झाला. दिलेल्या पैशाला भरपाई म्हटले नव्हते. आजाऱ्याच्या समाचाराला जाताना हातावर ठेवायच्या पैशाचे नाव त्याला दिले होते, आणि पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी नवी मागणी करणार नाही, असे कलम त्यात होते.

दरम्यान नाळ गर्भाचे रक्षण करते, हा समजही ढासळला. मातेला फारसा त्रास नसताना बालके जन्मतःच विकलांग निपजत होती. पारा नाळ ओलांडतो हे १९६२ च्या सुमारास मान्य झाले. १९६५ मध्ये दूर निइगाता येथे, दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्याखालच्या नदीकाठी हाच रोग पुन्हा उद्भवला. चिस्सोने ती प्रक्रिया मे १९६८ मध्ये थांबवली, तीही कालबाह्य झाल्यामुळे. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते त्यानंतर, सप्टेंबरात. पहिल्या नोंदीपासून पुरते एक तप उलटले होते.

१९७० मध्ये मरणशय्येवरून होसोकावांनी मांजर क्रमांक ४०० विषयी साक्ष दिली. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि तो करार नीतिबाह्य म्हणून रद्दबातल केला. त्याआधी, १९६९ मध्ये, मिनामातातच राहणाऱ्या मिचिको इशिमुरे यांचे ‘कुगाई जोदो’ प्रसिद्ध झाले होते. रुग्णांचे बोलणे त्यांनी तिथल्याच बोलीत मांडले. अहवालांत ज्यांची फक्त लक्षणे उरली होती, ती माणसे या पुस्तकात बोलती झाली. साहित्याच्या अध्यापकांस या इतिहासात रस का असावा, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावाने २०१३ मध्ये झाला. २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. कोकण-गोव्यातील मत्स्याहारी वाचकाने यातून मासे सोडण्याचा धडा घेऊ नये. तारलीसारख्या लहान माशांत पारा कमी असतो, मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत अधिक. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी एवढा विवेक ठेवणे इष्ट. पण ताटापुरता विवेक खाणाऱ्याने ठेवायचा आणि पाण्यात काय सोडले याचा पुरावाही त्यानेच द्यायचा, ही वाटणी न्याय्य नव्हे. मिनामातात ती अजून संपलेली नाही. २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने आणखी १२८ जणांना रुग्ण मानले. पहिल्या नोंदीला तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.