वतन सोडले, राज्य राखले

मंडळी, यंदाच्या लेखाची वाट जरा आडवळणाची आहे. ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून निघते आणि रायगड, गोवा, बंगळूर, जिंजी असा प्रवास करत साताऱ्याला पोचते. मधे आपल्या खोरफक्कानलाही थोडी टेकते. तेव्हा पाण्याची बाटली जवळ असू द्या आणि चला माझ्याबरोबर.

आपल्यापैकी अनेकांनी, निदान आपल्या मुलांनी तरी, 'यलोस्टोन' ही अमेरिकन मालिका पाहिली असेल. ती २०१८ साली सुरू झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात संपली. जॉन डटन नावाचा एक जमीनदार, त्याचे हजारो एकरांचे कुरण, हजारो गुरे आणि ती जमीन गिळायला टपलेली माणसे, असा सगळा मामला. केव्हिन कॉस्टनरने जॉन डटन रंगवला, पण अनेकांच्या लक्षात राहतो तो त्याचा मुकादम, रिप व्हीलर. कोल हॉझर या नटाने तो उभा केला आहे. हा रिप लहानपणी पोरका झालेला. आईला आणि भावाला बापानेच मारलेले आणि बापाला याने. अशा मुलाला डटनने आसरा दिला, आणि त्याने आयुष्य त्या घराला वाहिले. छातीवर मालकाच्या कुरणाचा डाग, गुरांना देतात तसा, तापल्या लोखंडाने उमटवलेला. मालकाने सांगावे आणि याने करावे. चांगले की वाईट, हे विचारायचे नाही.

आपल्याकडे याला एक छान शब्दप्रयोग आहे : खाल्ल्या मिठाला जागणे. गंमत पाहा, 'निमकहलाल' या शब्दातले 'निमक' फारसी आणि 'हलाल' अरबी. इथले अरबी भाषक सहकारीही जिव्हाळ्याचे नाते सांगताना 'भाकरी आणि मीठ' एकत्र खाल्ल्याचा दाखला देतात. म्हणजे मिठाची ही आण आपल्यात आणि त्यांच्यात पूर्वीपासून सारखीच आहे.

मालिका पाहताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. इमान नक्की कोणाशी ठेवायचे? माणसाशी, घराण्याशी, की ज्या कामासाठी ते घराणे उभे आहे त्या कामाशी? आणि मालकानेच आपल्यावर घोर अन्याय केला तर? मालिकेत रिपवर ही शेवटची वेळ कधी येत नाही. आपल्या इतिहासात मात्र एका माणसावर ती आली. त्यांचे नाव खंडो बल्लाळ चिटणीस.

बाजीप्रभू, जिवा महाला, शिवा काशीद ही नावे आपल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असतात. खंडो बल्लाळांचे नाव त्या मानाने मागे राहिले. याचे एक कारण असे की त्यांचे हत्यार लेखणी होते. चिटणीस म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार सांभाळणारा. कोणाला काय लिहायचे, कोणत्या शब्दांत लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे ज्याला कळते तो चिटणीस. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या गुप्त फायली ज्याच्या ताब्यात, असा माणूस.

त्यांचे वडील बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस. चिटणीस घराण्याची परंपरा सांगते की बाळाजींचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीने त्यांना ठार केले आणि मुलाबाळांना विकायचा हुकूम दिला. ही पोरकी मुले राजापूरला मामांकडे वाढली, आणि तिथे बाळाजींचे मोत्यासारखे अक्षर पाहून महाराजांनी त्यांना आपल्याकडे घेतले. रिप व्हीलरची कथा लिहिणाऱ्याने ही गोष्ट ऐकली असण्याची शक्यता नाही, पण सुरुवात किती सारखी आहे!

यापुढे मात्र आपली कथा मालिकेपेक्षा अवघड होते. शिवाजी महाराज १६८० साली गेले. संभाजी महाराज गादीवर आले, पण दरबारात दोन तट होते. १६८१ साली महाराजांविरुद्ध कट उघडकीला आला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर तेव्हा कोकणात सुधागडाच्या परिसरात आश्रयाला होता. कटवाल्यांनी त्यालाच सामील करून घेण्यासाठी पत्र पाठवले, आणि त्याने ते संभाजी महाराजांना कळवले. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद अशा मोठमोठ्या माणसांना देहदंड झाला. त्यांतच बाळाजी आवजी होते. सुधागडाच्या परिसरातच त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. बाळाजी खरोखर दोषी होते की त्यांच्या चिटणिशीमुळे पत्राचा ठपका त्यांच्यावर आला, यावर आजही मतभेद आहेत. परंपरा असे सांगते की येसूबाईंनी बाळाजींची बाजू मांडली, महाराजांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी बाळाजींच्या तरुण मुलाला, खंडोजीला, जवळ केले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ज्याच्या हुकुमाने वडील गेले, त्याच्याच दरबारात बसून त्याचीच पत्रे लिहायची! खंडोजींना पळून जाता आले असते. मोगलांनी तर अशा नाराज माणसांसाठी मनसबींची दारे सताड उघडी ठेवली होती. अनेक जण गेलेही. खंडोजी गेले नाहीत.

दोनच वर्षांनी, १६८३ च्या नोव्हेंबरात, गोव्यात प्रसंग आला. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. संभाजी महाराज धावून आले, पोर्तुगीज मागे हटले, आणि २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः चालून आला, जखमी झाला आणि जेमतेम निसटला. भरतीच्या पाण्यात त्याची पुष्कळ माणसे बुडाली. घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला आणि गोवा वाचवण्याची प्रार्थना केली. याच धुमाळीत संभाजी महाराजांनी खाडीत घोडा घातला. भरतीच्या ओढीत घोडा वाहू लागला, तेव्हा खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी टाकून महाराजांना वाचवले, असे बखर सांगते.

आता खोरफक्कान. शारजाहून डोंगरातल्या बोगद्यांमधून आपण सुटीच्या दिवशी ज्या सुंदर किनाऱ्यावर जातो, ते गाव १५०७ साली अल्बुकर्कने लुटून जाळले होते. त्याच अल्बुकर्कने तीन वर्षांनी, १५१० साली, गोवा घेतला, आणि पुढे शंभरेक वर्षे होर्मुझचा आणि या किनाऱ्याचा कारभार गोव्यातून हलत होता. होर्मुझ १६२२ साली त्यांच्या हातून गेले, मस्कत १६५० साली. म्हणजे जुव्याच्या खाडीत संभाजी महाराजांनी ज्यांना घाम फोडला, त्यांचा जाच आपण आज राहतो त्या किनाऱ्यानेही सोसलेला आहे. मुलांना खोरफक्कानला न्याल तेव्हा एवढे जरूर सांगा.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांचा अमानुष वध झाला. राजाराम महाराज रायगडावरून निसटून पन्हाळ्यावर आले आणि तिथून वेषांतर करून थेट तामिळ मुलखातल्या जिंजीकडे निघाले. सोबतच्या मोजक्या माणसांत खंडो बल्लाळ होते. बंगळूरला मुक्कामात कोणाला तरी संशय आला, कारण यात्रेकरूंच्या टोळीत एकाचेच पाय इतर लोक धूत होते! तेव्हा ठरले की राजाराम महाराजांनी वेगळ्या वाटेने पुढे जायचे आणि खंडोजींनी काही सोबत्यांसह मागे थांबून पकडले जायचे. त्यांना मारहाण झाली, छळ झाला. 'आम्ही साधे यात्रेकरू' यापलीकडे कोणी शब्द काढला नाही. शेवटी मोगलांनी कंटाळून त्यांना सोडून दिले. बखरीतला हा प्रसंग मला तलवारीच्या कोणत्याही पराक्रमाइतका मोठा वाटतो.

पण खरी कसोटी त्यानंतरची. जिंजीला झुल्फिकारखानाचा वेढा पडला आणि तो सात वर्षांहून अधिक चालला. १६९७ च्या अखेरीस किल्ला टिकणार नाही हे स्पष्ट झाले. राजाराम महाराजांना बाहेर काढायचे तर मोगलांच्या छावणीतल्याच कोणा मराठा सरदाराची मदत हवी होती. तिथे होते गणोजी शिर्के, येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. वतनाच्या वादातून आणि संभाजी महाराजांनी शिर्क्यांवर केलेल्या कारवाईतून ते दुखावून मोगलांकडे गेले होते. खंडो बल्लाळ त्यांच्याशी बोलायला गेले. गणोजींनी किंमत सांगितली : कोकणातले तुमचे वतन आम्हाला द्या. खंडोजींनी ते लिहून दिले. राजाराम महाराज वेढ्यातून सुटले आणि १६९८ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात पोचले. जिंजी त्याच सुमारास पडली, पण मोगलांच्या हाती राजा लागला नाही.

वतन म्हणजे काय हे आपल्या इथल्या मुलांना समजावणे कठीण आहे. ते नुसते शेत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, उत्पन्न, गावातला मान, लग्नकार्यातला पहिला विडा, असे सगळे त्यात होते. वतनासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठल्याची उदाहरणे जुन्या कागदपत्रांत हवी तितकी सापडतात. शिवाजी महाराजांनी शक्यतो रोख पगार देण्याचे धोरण ठेवले होते ते याचसाठी. असे वतन एका माणसाने राजाच्या सुटकेसाठी सोडले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या प्रसंगांचे बरेच तपशील मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून आलेले आहेत. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे, आणि मल्हार रामराव हे याच चिटणीस घराण्यातले. आपल्या पूर्वजांचे वर्णन करताना लेखणीला थोडी साखर लागणे स्वाभाविक आहे. पण जुव्याची लढाई पोर्तुगीज कागदपत्रांत आहे, आणि जिंजीचा वेढा मोगलांच्या बाजूच्या भीमसेन सक्सेना यांच्या लिखाणात आहे. म्हणून संवाद आणि नाट्य थोडे सबुरीने घ्यावे. चौकट मात्र भक्कम आहे.

कथेचे शेवटचे वळण सर्वांत विचार करायला लावणारे आहे. १७०७ साली औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने सात वर्षे राज्य मोठ्या हिमतीने झुंजवले होते. त्यांनी शाहूंना तोतया ठरवले. खंडो बल्लाळ तोवर राजाराम महाराजांच्या घराचे सेवक होते. तरीही ते शाहूंच्या बाजूला गेले आणि १७२६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे चिटणीस राहिले.

कोणी म्हणेल, मग इमान कुठे राहिले? ताराबाईंच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न रास्त आहे. ज्या बाईने औरंगजेबाला टक्कर दिली, तिला सोडून जाणे सोपे समर्थन करण्याजोगे नाही. पण आता दुसरी बाजू पाहा. शाहू कोणाचे पुत्र? ज्यांनी खंडोजींच्या वडिलांना हत्तीच्या पायी दिले, त्यांचे. सूडच मनात असता तर त्यांना तोतया म्हणण्याची ही नामी संधी होती. खंडोजींनी ती घेतली नाही. माझ्या मते त्यांचे इमान एका व्यक्तीच्या पलीकडे गेले होते. ते राज्याशी होते, आणि राज्यावर ज्याचा हक्क त्यांना खरा वाटला त्याच्याशी होते.

रिप व्हीलर आणि खंडो बल्लाळ यांच्यातला फरक इथेच आहे. रिप मालकासाठी दुसऱ्यांचे जीव घेतो आणि प्रेते गडप करतो. खंडोजी जे देतात ते स्वतःचे देतात : स्वतःची पाठ, स्वतःचे वतन, स्वतःचा राग. मालिकेच्या शेवटी डटनांचे कुरण तिथल्या मूळ रहिवाशांकडे, एकरी सव्वा डॉलर अशा नाममात्र दराने परत जाते. ज्या जमिनीसाठी रिपने इतके पाप केले ती त्या घराकडे राहत नाही.

आपण इथे, या वाळवंटात, कोणाच्या तरी कुरणाचे मुकादमच आहोत. माझी नोकरी बांधकामाच्या साइटवरची. मालिकेत कामगारांची राहण्याची खोली पाहिली, एकावर एक खाटा, भिंतीला टांगलेले कपडे, तेव्हा मला सोनापूरचे कॅम्प आठवले. आमच्या साइटवर एक रत्नागिरीकडचे फोरमन होते. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी उन्हात काम केले. काँक्रीट ओतताना रात्र झाली तरी ते जागेवरून हलत नसत. एकदा एका बड्या साहेबाने घाई केली, तेव्हा फळ्यांचा आधार कच्चा आहे म्हणून त्यांनी काम थांबवले. साहेब रागावले, पण हे हटले नाहीत. निवृत्त होताना हाती आली ती कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी : पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार. वतन नाही, गावात मान नाही, इमारतीवर नाव नाही. पण त्या इमारतीत आज माणसे निर्धास्त झोपतात. साहेबाचा हुकूम मोडून त्यांनी कंपनीचे मीठ राखले, असेच मी म्हणेन.

आपल्या मुलांना नोकऱ्या बदलण्याच्या जगात वाढायचे आहे, आणि आंधळे इमान त्यांनी ठेवावे असे मी कधीच सांगणार नाही. पण कशासाठी आपण स्वतःचे काही सोडायला तयार आहोत, हा प्रश्न त्यांनी एकदा तरी स्वतःला विचारावा.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. पुढच्या सुटीत गोव्याला गेलात तर किनाऱ्यावरून थोडा वेळ काढून जुव्याला जा. चेन्नईकडे जाणे झाले तर जिंजीच्या पायऱ्या चढा. चढण दमवणारी आहे, सकाळी लवकर निघा. वर पोचलात की मुलांना चिटणीस म्हणजे काय ते सांगा, आणि एका चिटणिसाने कोकणातले आपले वतन लिहून दिले तेव्हा राजा या वेढ्यातून सुटला, हेही सांगा.