बंद्या रुपयाचे मोल

सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही एखादा राणीछाप रुपया ठेवलेला असतो. तो पाहून दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "आज याचे किती येतील?" प्रश्न साधा आहे, पण त्याला एकच एक उत्तर नाही. छापाचे मोल, धातूचे मोल, खरेदीचे मोल आणि संग्राहकाच्या हौसेचे मोल ही चार निराळी मोले आहेत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती एकमेकांपासून किती दूर गेली, आणि त्या अंतराची किंमत कोणी मोजली, हे पाहणे म्हणजे या मुलखाचा एक वेगळा आर्थिक इतिहास वाचणे आहे.

रुपया हेच वजन

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. सातारचे राज्य त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे होते आणि बाजारात शिवराई चालत होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले ते तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या काळापासून पेशवाईअखेरपर्यंत अनेक टाकसाळींत पडत राहिले होते. डलहौसीने १८४८ नंतर सातारा खालसा केला, आणि कंपनीच्या रुपयाचा मार्ग मोकळा झाला.

१८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळे सराफाच्या तागडीत रुपया हेच वजन झाले. 'रुपयाभार चांदी' हा शब्द तिथला. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. बायकोच्या पायातले वाळे, दंडातली वाकी, कमरेचा पट्टा म्हणजे वेगळ्या आकारातले रुपयेच. चांदी टाकसाळीत नेऊन दिली की थोडी घडणावळ वजा जाता तिचे रुपये पाडून मिळत. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टाकसाळीकडे दागिन्यांची रीघ लागली होती ती यामुळेच. माण, खटाव, आटपाडी, जत अशा कमी पावसाच्या मुलखात चांदी हीच पेढी होती.

२६ जून १८९३

त्या दिवशी सरकारने टाकसाळीचे दार खाजगी चांदीला बंद केले. जगभर चांदीचे भाव कोसळत होते. हिंदुस्थान सरकारला मात्र इंग्लंडात दरसाल मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. रुपया स्वस्त झाला की तो बोजा वाढे. म्हणून रुपयांची आवक आखडून त्याचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर न्यायचे ठरले. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. म्हणजे रुपया सोळा पेन्सांचा. सोळा आणे, सोळा पेन्स. आणा आणि पेनी बरोबरीला आले. वीस शिलिंगांचा सोन्याचा पौंड, आपल्याकडची गिनी, १८९९ च्या कायद्याने पंधरा रुपयांना धरला जाऊ लागला.

आता हिशेब पाहा. १८९८ च्या सुमाराला लंडनच्या बाजारभावाने एका रुपयातल्या चांदीची किंमत सुमारे दहा पेन्स होती. छाप असलेला तोळा सोळा पेन्सांचा, आणि तेवढ्याच चांदीचे वाळे दहा पेन्सांचे. सहा पेन्सांचा फरक केवळ राणीच्या मुखवट्याचा. त्या काळच्या भारतीय अर्थविचारकांचा मुख्य आक्षेप हाच होता, की गरिबाची पुंजी दागिन्यांत असते, आणि सरकारने एका फर्मानाने तिचा भाव पाडला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. या खेपेला दागिने घेऊन निघालेल्याला टाकसाळीचे दार बंद होते. सावकार किंवा सराफ देईल तो भाव घ्यावा लागला.

या सौद्याचा निवाडा आजचा बाजार करतो. त्या वेळच्या ब्रिटिश शिलिंगात ५.२३ ग्रॅम शुद्ध चांदी असे. म्हणजे दोन शिलिंगांची चांदी १०.४६ ग्रॅम, आपल्या एका रुपयाहून किंचित कमीच. आज लंडनमधल्या आणि विट्यातल्या वितळणाऱ्याने दोन्ही नाणी मुशीत घातली, तर रुपया दोन शिलिंगांना भारी ठरेल. सरकारी दरबारात त्याला सव्वा-दीड शिलिंगाच्या मधेच बसवले होते.

छाप पुसला, चांदी उरली

दुसऱ्या महायुद्धात चांदी महाग झाली. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि राणीछापापासून सुरुवात करून जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. इंग्लंडनेही हेच केले होते. तिथे १९२० साली चांदी निम्मी झाली आणि १९४७ पासून संपली.

म्हणून राणीछाप रुपयाचे छापाचे मोल आज शून्य. खरेदीचे मोल काढायचे तर पोस्टकार्ड घ्यावे. १८७९ साली ते सुरू झाले तेव्हा पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळे, रुपयाला चौसष्ट. आज ते पन्नास पैशांना आहे, रुपयाला दोन. या मापाने जुना रुपया आजच्या बत्तीस रुपयांचा. चांदीच्या मापाने मात्र दर ग्रॅमला शंभर रुपये भाव धरला तरी एक हजार एकोणसत्तर. भाव त्याहून चढा असेल तर त्या पटीत जास्त.

ही चांदी मोजणारे हात आपल्याच मुलखातले आहेत, हा योगायोग नव्हे. विटा-खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागांतली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. जुने सोने-चांदी वितळवून तेजाबाने शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. ज्या दुष्काळाने एका पिढीला दागिने मोडायला लावले, त्याच दुष्काळाने पुढच्या पिढ्यांना मोड वितळवायच्या भट्टीवर नेले. भट्टीला छाप दिसत नाही, टंच तेवढा दिसतो.

हौसेचे मोल

संग्राहकाचे उलटे. त्याला चांदीपेक्षा साल, टाकसाळ आणि झीज महत्त्वाची. 'जुना म्हणून महाग' हा समज खोटा आहे. १८६२ साल कोरलेले रुपये पुढे दहाबारा वर्षे त्याच सालाने पाडले गेले. ते विपुल आहेत. उलट जुन्या टंचाचा शेवटचा, १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मिळ. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली. ते रुपये परत घेऊन पुष्कळसे वितळवले आणि १९१२ साली हत्तीची सोंड सुधारली. त्यामुळे 'डुकराच्या रुपया'ला मागणी आहे. चिंच आणि राख लावून चकचकीत केलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने खराब झालेले असते, हेही दिवाळीत लक्षात ठेवावे.

कायद्याचीही एक गंमत आहे. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे एकशेसात ग्रॅम शुद्ध चांदी; आज त्यांत चहा मिळतो. गाडग्यात सापडलेली नाणी गुपचूप विकली गेली की ती कोठे, कशाशेजारी पुरली होती ही माहिती कायमची जाते. इतिहासाच्या लेखी नाण्याचे खरे मोल तीच माहिती असते.

आणा अजून चालतो

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, इंग्लंडच्या चौदा वर्षे आधी. आजचा सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा होता. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. तक्त्याने सहा धरले. चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीस, एकदम चार आणे दिले तर पंचवीस. भाजीवाल्यांशी भांडणे झाली ती या एका पैशावरून.

पण जुनी पद्धत अडाणी नव्हती. रुपयाच्या पै एकशेब्याण्णव. तिघा भावांत वाटल्या तर प्रत्येकी चौसष्ट, म्हणजे पाच आणे चार पै. शंभर पैशांचे असे तीन सारखे भाग पडत नाहीत. जुन्या सातबाऱ्यांवर हिस्से आणे-पैत लिहिलेले आढळतात ते म्हणून. बाजारातून गेलेला आणा जमिनीच्या वाटणीत टिकला.

आणि तो दुष्काळातही टिकला. पीक किती आले हे सरकार सोळा आण्यांच्या मापाने ठरवी. त्याला आणेवारी म्हणत. आज कागदावर पैसेवारी लिहितात, लोक आणेवारीच म्हणतात. वर्षानुवर्षे ती पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईग्रस्त धरले जाई आणि सवलती लागू होत. एकावन्न आली तर नाही. जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला जुन्या रुपयाची आजची किंमत विचाराल, तर त्याच्या लेखी ती या एका पैशात आहे. आकडा सरकार ठरवते आणि चटका त्याला बसतो, हा १८९३ चा हिशेब अजून मिटलेला नाही.