कस्तूर कुळाची वंशावळ: कोण गेले, कोण आले

रायपूरच्या पंडरीसारख्या गजबजलेल्या शहरी वस्तीत जिथे चार झाडे उरली आहेत, तिथे उन्हाळ्याच्या पहाटे दयाळ गातो. हा काळा-पांढरा गायक दीर्घकाळ कस्तूर पक्ष्यांचा सख्खा आप्त मानला जात असे. छत्तीसगडच्या सावलीदार जंगलांत पालापाचोळा उलथून किडे व गांडुळे टिपणारा, फळे खाऊन बिया दूरवर पसरवणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर हा या कुळाचा खरा प्रतिनिधी. तरीही दयाळाला त्याच्या पंगतीत बसवण्यास सबळ कारणे होती. दोन्ही गटांतील पिल्लांचा पहिला पिसारा बहुधा ठिपकेदार असतो, नडगीवरील आवरण सलग असते आणि गळाही गोड असतो. सलीम अली व डिलन रिप्ले यांच्या १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झालेल्या दहा खंडी ग्रंथातही दोघे एकाच उपकुळात आहेत.

पुढे चार्ल्स सिब्ली व जॉन अल्क्विस्ट यांनी पक्ष्यांच्या डीएनएची परस्परांशी तुलना केली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्गीकरणात दयाळ, चिरक आदी पक्षी माशीमारांच्या शाखेत गेले आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी या बदलाला दुजोरा दिला. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी शीळ घालणारा शीळकरी कस्तूरही आज माशीमारांच्या कुळात आहे. त्याच्या नावातला ‘कस्तूर’ मात्र कायम राहिला.

कुळातून काही पक्षी गेले, तसा एक नवा आलाही. २००९ साली अरुणाचल प्रदेशात पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांच्या ध्यानात आले की, एकाच जातीचे समजले जाणारे कस्तूर दोन निराळ्या सुरांत गातात. वृक्षरेषेच्या वरच्या खडकाळ प्रदेशातील पक्ष्याचे गाणे खरखरीत, तर खालच्या जंगलातील पक्ष्याचे मधुर. त्यानंतर संग्रहालयांतील जुने नमुने तपासले गेले, मोजमापे घेतली गेली, डीएनए पडताळला गेला. दोन्ही वंश काही दशलक्ष वर्षांपूर्वीच विभक्त झाले होते, असे निष्पन्न झाले. जानेवारी २०१६ मध्ये वनवासी जातीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध झाले आणि मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींच्या स्मरणार्थ तिला ‘झूथेरा सलीमअली’ हे नाव मिळाले.

या बदलांकडे केवळ नावांची उलथापालथ म्हणून पाहणे योग्य नव्हे. दोन जाती एका नावाखाली झाकल्या गेल्या, तर एकीचे जंगल नष्ट होत असतानाही दुसरीच्या संख्येमुळे सारे क्षेमकुशल असल्याचा भास होतो. उलट, केवळ दिसण्यावरून नाते जोडले, तर गाणे, रंग वा सवयी कशा उत्क्रांत झाल्या याचे उत्तर चुकते. दयाळाची जागा प्रयोगशाळेने ठरवली. हिमालयातील वनकस्तुराचे वेगळेपण मात्र प्रथम माणसाच्या कानाने टिपले. त्याचे नमुने संग्रहालयांच्या कप्प्यांत आधीपासूनच होते. त्यांचा अर्थ उमगण्यासाठी कोणीतरी रानात जाऊन जिवंत पक्ष्याचे गाणे लक्षपूर्वक ऐकणे आवश्यक होते.